वर्ड मॅक्रो: ‘दऱ्यां’चा ‘दर्या’ झालाय, मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

आमच्या वाचनालयाची स्मरणिका काढतोय. ३७ लेख आलेत. कुणी मोबाइलवर टंकून पाठवलाय, कुणी वर्डची फाइल, एका काकांनी वहीच्या पानांचे फोटो (ते मीच टाइप केले). छापखान्यात देण्याआधी सगळ्यांना एक शिस्त लावायची आहे: जास्तीच्या स्पेस काढायच्या, स्वल्पविरामाआधीची स्पेस उडवायची, परिच्छेदांमधले रिकामे एंटर घालवायचे, इंग्रजी आकडे देवनागरी करायचे.

पहिले चार लेख हाताने केले. फाइंड-रिप्लेसच्या चौकटीत तेच तेच भरायचं, एका लेखाला वीस मिनिटं. पाचव्याला कंटाळून मॅक्रो रेकॉर्ड केला, म्हणजे वर्डला सगळे टप्पे एकदा करून दाखवले, पुढे ते तो आपणहून करतो. (रेकॉर्डिंग चालू असताना मजकूर माउसने निवडता येत नाही, शिफ्ट धरून बाणांनीच निवडावा लागतो, हे कळेपर्यंत अर्धा तास गेला.) चालला! एक लेख पाच सेकंदांत. मग हाव सुटली. नेटवर कुणीतरी ‘अदृश्य अक्षरं काढून टाका’ असा सल्ला दिला होता, म्हणून ८२०३, ८२०४ आणि ८२०५ या क्रमांकांची अक्षरं पुसणाऱ्या तीन ओळी मॅक्रोत घातल्या आणि उरलेल्या सगळ्या लेखांवर फिरवला. सेव्हही केलं, त्याच नावाने. ओरडायचं असेल तर नंतर ओरडा.

काल गिरिभ्रमणाच्या लेखाचं प्रूफ लेखकाकडे गेलं. निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचा फोन: “ताई, सह्याद्रीत समुद्र कधी आला?” बघते तर ‘दर्याखोर्यांत’. खाली ‘दुसर्या दिवशी’, ‘बर्याच उशिरा’. आणखी अकरा लेखांत हीच गत. पण मी स्वतः टाइप केलेल्या लेखात ‘दुसऱ्या’ अगदी शाबूत!

आता प्रश्न:
१. मॅक्रो एकच, मग काहीच लेख का बिघडले?
२. ‘र्य’च्या जागी सरसकट ‘ऱ्य’ करावं तर ‘सूर्य’ आणि ‘कार्यक्रम’ मरतील. मग काय करू?
३. ऑल्ट-एफ११ च्या (मॅक्रोचा कोड लिहायच्या) खिडकीत मराठी शब्द चिकटवला की नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.
४. तळटिपांना मॅक्रोने हातच लावलेला नाही.

प्रतिसाद १

ओरडत नाही, आम्हीही यातून गेलोय. आधी ईमेलमधल्या मूळ जोडण्या पुन्हा उतरवून घ्या. बाराच लेख आहेत ना? मॅक्रोतली ८२०५ ची ओळ काढून तेवढ्यांवर परत फिरवा. दुरुस्तीपेक्षा हे स्वस्त.

प्रतिसाद २

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा एक जोडणारा, त्याचा क्रमांक ८२०५. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तुम्ही पहिल्या तऱ्हेने टंकता, म्हणून वाचलात. ज्यांनी दुसरी वापरली त्यांचा जोडणारा तुम्ही पुसलात, आणि उरलेल्या ‘र’चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला. इंग्रजी मजकुरात तो कचरा असेल, आपल्याकडे त्याच्यावर ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक अवलंबून आहे. ८२०४ लाही हात लावू नका, पाय मोडलेलं अक्षर सुटं दाखवायला तो लागतो.

प्रतिसाद ३

दोन आणि तीनचं औषध एकच. मराठी शब्द मॅक्रोत लिहूच नका. वर्डच्या वेगळ्या फाइलमध्ये दोन रकान्यांचा तक्ता करा: डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर. दुसर्या–दुसऱ्या, तिसर्या–तिसऱ्या, बर्याच–बऱ्याच, कोपर्यात–कोपऱ्यात, असं. मॅक्रोने तक्त्याची एकेक ओळ वाचायची आणि लेखात बदल करायचा. ती खिडकी युनिकोडची नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. तक्ता वर्डमध्येच असल्यामुळे ती अडचण येत नाही. एखादं अक्षर मॅक्रोत लिहावंच लागलं तर ‘सीएचआर-डब्ल्यू’ लिहून कंसात क्रमांक द्या: र २३५२, ऱ २३५३, हलन्त २३८१, य २३५१, ह २३६१. (क्रमांक तिथे इंग्रजी आकड्यांतच, हे सांगायला नकोच.)

‘र्ह’ मात्र जवळजवळ सरसकट बदलता येईल. वऱ्हाड, बिऱ्हाड, कऱ्हाड, गाऱ्हाणं, सगळीकडे अर्धा रच आहे. ‘अर्हता’ आणि ‘गर्हणीय’ तेवढे आधी शोधून बाजूला ठेवा.

तळटिपा: रेकॉर्ड केलेला मॅक्रो ‘सिलेक्शन’वर (कर्सर किंवा निवडलेला मजकूर जिथे आहे तिथे) चालतो, म्हणून तो मुख्य मजकुरातच फिरतो. तळटिपा, शीर्षपट्टी, मजकुराच्या चौकटी या वर्डच्या लेखी वेगवेगळ्या ‘स्टोरी’ असतात. ‘स्टोरीरेंजेस’मधून एकेक घेऊन तोच बदल प्रत्येकीत करावा लागतो.

आणि एक. मॅक्रोच्या सुरुवातीला ‘अनडू-रेकॉर्ड’ चालू करून शेवटी बंद करा, वर्ड २०१० पासून ती सोय आहे. सगळे बदल एकाच कंट्रोल-झेडने मागे येतात. नाहीतर चाळीस वेळा दाबत बसाल.

प्रतिसाद ४

आकड्यांबद्दल कुणी बोललं नाही. लेखांत संकेतस्थळाचे पत्ते किंवा ईमेल आहेत का? त्यातले आकडे देवनागरी झाले तर पत्ता गेला कामातून. मी असा मजकूर आधी पिवळ्या हायलाइटने रंगवते आणि मॅक्रोतल्या शोधात ‘हायलाइट नको’ अशी अट घालते. काम झालं की रंग पुसायचा.

फाँटचा आकारही मॅक्रोने लावणार असाल तर ‘साइझ’बरोबर ‘साइझ-बीआय’ द्या. देवनागरी वर्डच्या हिशेबी कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट (जोडाक्षरांसारखी गुंतागुंत असलेली लिपी), तिचा आकार वेगळा साठवला जातो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! बारापैकी नऊ लेख ईमेलमधून परत मिळाले. उरलेल्या तिघांसाठी तक्ता केला, ६४ शब्द झाले. चालवला, तळटिपांसकट. शिक्षकांना नवं प्रूफ पाठवलं, समुद्र ओसरलाय म्हणाले.

पण ताईंनी (प्रतिसाद ४) सांगेपर्यंत उशीर झाला होता. शेवटच्या लेखाखाली लेखिकेचा ईमेल आहे, त्यातला ७२ मराठीत गेलाय. तो हाताने नीट करते.