मालिकेतली आई आणि घरातली आई : अनुभव लिहा

मालिकेत काम करणाऱ्या आयांच्या मुलाखतीत 'घर आणि काम कसं मॅनेज करता' हे विचारतातच, आणि उत्तर पण ठरलेलं, 'घरच्यांचा सपोर्ट'. तो सपोर्ट म्हणजे नक्की कोण काय करतं ते मात्र राहूनच जातं. इथे तेच लिहूया. कलाकार, त्यांच्या घरचे, सेटवरचं कुणीही. चॅनलची नावं नकोत प्लीज.

* * *

मीच सुरुवात करते. डेली सोप म्हणजे बारा तासांची शिफ्ट, ती पण कागदावर, सेट घोडबंदर रोडला, सातचा कॉल असला की अंधारात घर सोडायचं आणि महाएपिसोड लागला की पॅकअप कधी ते देवालाच माहीत. लेक सहा महिन्यांची असताना परत कामाला लागले. लोक विचारायचे, मॅटर्निटी लीव्ह नाही का गं? अहो, २०१७ मध्ये २६ आठवड्यांची पगारी रजा झाली ती नोकरीवाल्यांना, आम्ही पर-डे वाले, उभं राहिलो तर पैसे आणि ते पण ९० दिवसांनी. मग सासूबाई तिला घेऊन सेटवर यायच्या. मेकअप रूममध्ये एसी बंद, दोन खुर्च्या जोडून त्यावर गोधडी. मी इकडे सवतीला सुनावतेय आणि तिकडे ही रडायला लागली की सगळ्यात आधी साउंडवाल्या दादाला ऐकू जायचं, तो हेडफोन काढून नुसता माझ्याकडे बघायचा, की दिग्दर्शक स्वतःच म्हणायचे, जा गं, पाजून ये, तोवर सवतीचे क्लोजअप घेतो. युनिटनं सांभाळलं ते खरंच. प्रॉडक्शनकडून 'उद्या सातऐवजी नऊला ये' असा फोन मात्र कधी आला नाही. आता मोठी झालीय, मी टीव्हीवर रडले की म्हणते, मम्मा ग्लिसरीन जास्त झालंय.

* * *

बायको मालिकेत, मी घरून काम करणारा. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा बऱ्याच मालिका बाहेर गेल्या, हिची गोव्याला. मुलगा पहिलीत, शाळा ऑनलाइन. रात्री व्हिडिओ कॉल लावला की हा दोन वाक्यं बोलून पळायचा मग ती मलाच विचारत बसायची, नखं कापलीस का त्याची, केस किती वाढलेत बघ. मे महिन्यात गोव्यानंही परवानगी काढून घेतली. वर्गाच्या ग्रुपचं नाव 'मॉम्स' होतं, त्यात मी एकटा बाप, डीपीला मुलाचा फोटो, त्यामुळे सगळ्या मला 'ताई, वर्कशीटचं कुठलं पान?' विचारायच्या. मी पण पान सांगून मोकळा व्हायचो.

* * *

आमचं उलटं, काम मुलगा करायचा आणि मी दिवसभर सेटवर बसून. बालकलाकारांना नियम आहे, दिवसाला पाच तास, सलग तीनपेक्षा जास्त नाही आणि कमाईतले निदान २० टक्के त्याच्या नावे एफडी. एफडी झाली. तासांचं विचारू नका, 'ताई, लास्ट शॉट' म्हटलं की समजायचं अजून चार आहेत. लायटिंग होईपर्यंत मी त्याच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचे, तेराच्या पाढ्यात अडकला की स्पॉटदादाच पुढचं सांगायचे. मालिकेतल्या आईला तो ब्रेकमध्येही आईच म्हणायचा, सुरुवातीला मला टोचलं थोडं, खोटं कशाला बोलू. पण तिचा स्वतःचा मुलगा होस्टेलला, त्यामुळे तिच्या डब्यातलं एक थालीपीठ रोज याच्यासाठी वेगळं बांधून यायचं. मालिका संपल्यावर तिच्याशी फोनवर बोलताना तो 'मावशी' म्हणाला तर तीच रुसली!

* * *

पहिल्या ताई, सासूबाईंचं अजून लिहा ना. त्या दिवसभर करायच्या काय तिथे?

* * *

अगं, काय नाही करायच्या! हेअरड्रेसरला लोणच्याचा मसाला शिकवला, कंटिन्युइटीवालीला, म्हणजे आधीच्या सीनशी कपडे-दागिने जुळतात का बघणारीला, माझं मंगळसूत्र चुकलंय हे त्यांनी दाखवलं. एकदा हळदीकुंकवाच्या सीनला बायका कमी पडल्या तर त्यांनाच बसवलं, साडी घरचीच. गावाकडे बायकांना माझं मालिकेतलं नाव आठवत नाही, तो एपिसोड बरोब्बर आठवतो.