नुसतं तरुण असून भागत नाही

तरुण देशांत उत्साह असतो आणि जपान म्हातारा झाला म्हणून थंडावला, असं अनेकदा म्हटलं जातं; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. जपानच्या शेअर बाजाराच्या निक्केई निर्देशांकाला 1989 च्या अखेरची उंची पुन्हा गाठायला 2024 उजाडलं हे खरं. पण तो कोसळला तेव्हा जपान एवढा म्हातारा नव्हता. जमिनी आणि शेअरच्या भावांचा फुगा फुटला आणि बँकांनी बुडीत कर्जं वर्षानुवर्षं झाकून ठेवली.

उलट व्हिएतनाम बघा. 1986 मध्ये 'दोई मोई' नावाच्या आर्थिक सुधारणा सुरू झाल्या तेव्हा महागाई शेकडो टक्क्यांवर होती, तांदूळ बाहेरून आणावा लागे. शेतीचे निर्णय सहकारी संस्थांकडून कुटुंबांकडे आले आणि 1989 मध्ये तोच देश तांदळाचा मोठा निर्यातदार झाला! माणसं तीच, जमीनही तीच. पुढे 2009 पासून सॅमसंगचे फोन व्हिएतनामच्या बाक निन्ह प्रांतात बनू लागले.

आणि तिथे कामाच्या वयातल्या जवळपास दर तीनपैकी दोन बायका कामधंद्यात आहेत. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मराठवाड्यातल्या मुलीला चाकणला नोकरी मिळाली, तरी तिला परवडेल अशी सुरक्षित खोली कुठे आहे? गुंतवणुकीच्या आकड्यांआधी मी हे विचारेन.