वाळूची बादली आणि दुसरा फटका

रातपाळीवाला

आमच्या पंपावरच्या पोराचं सांगतो, मग तुम्हीच बोला. पंप गोव्यात, बार्देशातला, नाव नको. पोरगा दोडामार्गकडचा, बावीस-तेवीसचा, दीड वर्ष रातपाळीला आहे. मी शिफ्ट इनचार्ज, पण त्या रात्री माझी सुट्टी होती.

पावणेदोनला भाड्याची गाडी आली. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, आत चौघे. एकाने पाण्याची रिकामी बाटली पुढे केली, "इसमें भर." सुट्ट्या बाटलीत आम्ही पेट्रोल देत नाही. पोराने नकार दिला. आधी शिवी, मग थप्पड, मग एकाने त्याचा गळा धरून मशीनला दाबला. दुसऱ्याने कमरेची पैशांची बॅग ओढली, पट्टा तुटला. पोराच्या हाताला लागली ती खांबाच्या आकड्यावरची लाल बादली. आगीसाठी वाळू भरून ठेवतात ती, दहा-बारा किलो तरी भरेल. आमच्याकडे त्या वाळूत चहाचे कप आणि गुटख्याच्या पुड्या खोचलेल्या असतात, तो भाग वेगळा. ती त्याने फिरवली. गळा धरणाऱ्याच्या खांद्यावर बसली, कान फाटला, तो खाली बसला.

इथवर कुणाचीच तक्रार नाही. बॅग ओढणारा गाडीकडे पळाला. पोरगा बादली घेऊन त्याच्या मागे गेला आणि दाराशी त्याच्या हातावर घातली. कोपराचं हाड मोडलं. पहिल्या थपडेपासून पहिल्या फटक्यापर्यंत कॅमेऱ्यात एकोणीस सेकंद आहेत, तिथून दुसऱ्यापर्यंत सात.

आता दोन्हीकडून तक्रारी आहेत. आमची दुसऱ्या दिवशी घेतली, त्यांची त्याच रात्री. मालकाने पोराला बिनपगारी घरी बसवलंय. सगळे मला एकच विचारतात, दुसरा फटका कशाला मारला? मी म्हणतो, ज्याचा गळा आत्ताच सुटलाय त्याने सात सेकंदांत कायद्याचं पुस्तक उघडायचं का?

किनाऱ्यावरचा

राग मानू नका, पण पोराचं चुकलं. सोळा वर्षं किनाऱ्यावर शॅक, म्हणजे झोपडीवजा हॉटेल, चालवतोय. आमच्याकडे नव्या वेटरला पहिल्या दिवशी सांगतो, बिल बुडवून गेला तर जाऊ दे, बाटली फोडली तर मागे हो, गल्ला मागितला तर देऊन टाक. बॅगेत होते किती?

रातपाळीवाला

नऊ हजार आणि काहीतरी. आणि "देऊन टाक" म्हणायला मालक मोकळा. तूट निघाली की ती पगारातून कापली जाते. तुमच्या शॅकवर कापत नाहीत?

किनाऱ्यावरचा

कापत नाही. एकदा कापली होती, खोटं कशाला बोलू.

बार्देशची_वकील

दोन-तीन गोष्टी स्पष्ट करते, कारण "कायदा कामगाराला हातच उचलू देत नाही" असं सगळे धरून चाललेत. तसं नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या दंड संहितेतली ९६ ते १०६ ही कलमं आता ३४ ते ४४ झाली, आशय जवळपास तोच. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं रक्षण, तसंच मालमत्तेचं रक्षण हा हक्क आहे. मालमत्ता स्वतःचीच असावी लागत नाही, म्हणजे मालकाची बॅग वाचवणारा नोकरही त्यात आला. पळून जाण्याची सक्ती नाही. समोरून बेकायदा हल्ला होत असताना माणसाने पळूनच जावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच सांगितलंय. गळा दाबला जातोय, जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती आहे, तर कलम ३८ खाली हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. त्यामुळे पहिल्या फटक्याची मला काळजी वाटत नाही.

मर्यादा दोन. कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि कलम ४० म्हणतं, भीती वाटायला लागली तेव्हा हक्क सुरू, भीती संपली की हक्क संपला. हाड मोडलं म्हणजे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत, आणि ते मोडलंय नेमकं दुसऱ्या फटक्याने. नुसत्या गंभीर दुखापतीचं कलम ११७(२) लागलं तर जामीनपात्र आहे. बादलीला घातक हत्यार ठरवून ११८(२) लावलं तर अजामीनपात्र, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. पोराला कुठलं लावलंय ते आधी बघा.

टॅक्सीस्टँड

वाळूची बादली घातक हत्यार! उद्या आमचा जॅकपण जप्त करा. भिवपाची गरज ना, घाबरायचं कारण नाही.

फोंड्याचा_मास्तर

हसण्यावारी नेऊ नका. कायदा दुसऱ्या फटक्याला वेगळं मोजतो ते बरोबरच आहे. पळणाऱ्याची पाठ तुमच्याकडे असते. पाठीला कसला बचाव?

वकीलबाईंनी पळण्याबद्दल सांगितलं ते बहुतेक १९६२ च्या जयदेव विरुद्ध पंजाब या निकालातलं. त्याच निकालाचा उरलेला भाग त्यांनी सांगितला नाही. तो शेतजमिनीचा वाद होता. समोरचे लोक पळत सुटले होते, तरी आरोपींनी गोळ्या घातल्या. न्यायालय म्हणालं, लोक पळू लागले तिथेच तुमचा हक्क संपला, आणि त्यांना दोषी ठरवणं कायम ठेवलं. भित्रं असायची गरज नाही आणि पाठलागही करायचा नाही, दोन्ही एकाच निकालात आहे.

मी शाळेत शिकवलं तीस वर्षं. दोन पोरांची मारामारी सोडवताना आधी कुणी मारलं हे कधीच कळत नाही, शेवटचा कुणी मारला ते मात्र सगळ्या वर्गाने पाहिलेलं असतं. गावात चोर सापडला की खांबाला बांधून मारतात, तेव्हाही प्रत्येक जण म्हणतो, आम्ही घाबरलो होतो. दहा माणसं एका बांधलेल्या माणसाला घाबरलेली! सात सेकंदांची सूट दिली की पुढचा माणूस सात मिनिटांची मागेल.

दोडामार्ग_पलीकडे

मास्तर, तुमचा वर्ग आणि रात्रीचे पावणेदोन एका मापात घालू नका. गाडीत अजून दोघे बसलेले होते. ते उतरणार नाहीत हे पोराला कोण सांगणार होतं? कोर्टानेच म्हटलंय ना, संकटातल्या माणसाचं वागणं सोनाराच्या काट्यावर तोलायचं नाही?

आता दुसरी बाजू बघा. या विषयावर ज्या नावाजलेल्या सुटका सांगतात त्या कुणाच्या? १९५० साली कटनीच्या दंगलीत अमजद खानने आपल्या दुकानावर आलेल्या जमावावर गोळी झाडली, १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडला. दुकानाचा मालक, हातात बंदूक. १९८८ च्या भारत बंदला केरळात जेम्स मार्टिनच्या पिठाच्या गिरणीत माणसं शिरली, गोळीबारात दोघे मेले. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, शेवटी सर्वोच्च न्यायालयात सुटला. तोही मालकच. आणि सुटला कधी, तर डिसेंबर २००३ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. आमच्याकडचा पोरगा महिन्याला घरी पैसे पाठवतो, खोलीत चौघे राहतात. तो दिल्लीपर्यंत जाईल? पहिल्या तारखेलाच कुणीतरी कानात सांगेल, मान्य करून टाक, दंडावर सुटशील.

कायद्याची मर्यादा पुस्तकात सगळ्यांना सारखीच असेल. पण ती सिद्ध करेपर्यंत टिकायचं कुणाच्या जिवावर?

बार्देशची_वकील

मास्तरांचं खरं आहे, जयदेवचा उत्तरार्ध मी सांगायला हवा होता. पण तिथे मामला जमिनीचा होता. इथे बॅग आहे, आणि तिच्याबद्दल अजून कुणी बोललं नाही.

शरीराच्या रक्षणाचा हक्क भीतीबरोबर संपतो. मालमत्तेच्या रक्षणाची मुदत कलम ४३ मध्ये वेगळी दिली आहे. चोरी असेल तर चोर माल घेऊन निसटेपर्यंत, किंवा पोलिसांची मदत मिळेपर्यंत, किंवा माल परत हाती येईपर्यंत हक्क चालू राहतो. मारहाण करून चोरी केली म्हणजे तो जबरी चोरीचा गुन्हा झाला. त्यात हक्क जीव घेण्यापर्यंत जातो, पण इजा किंवा तत्काळ इजेची भीती चालू असेल तेवढाच वेळ. म्हणजे गंमत अशी की साध्या चोरीत हक्क जास्त वेळ टिकतो, जबरी चोरीत जास्त खोल जातो. पण जबरी चोरीच्या पोटात चोरी असतेच. त्यामुळे कोर्टात मी तरी असं मांडेन की बॅग घेऊन माणूस गाडीत बसत होता, तो अजून निसटला नव्हता, ती परत मिळवण्यासाठी जीव न घेता हातावर मारलं. हात, डोकं नाही. हा फरक लहान नाही.

म्हणून प्रश्न असा, दुसऱ्या फटक्याच्या वेळी बॅग त्याच्या हातात होती का?

रातपाळीवाला

इथेच गाडी अडते. बॅग नंतर हवा भरायच्या मशीनखाली सापडली. कधी पडली ते मेन कॅमेऱ्यात दिसत नाही, मध्ये खांब येतो. पोरगा म्हणतो, "मला वाटलं त्याच्याकडेच आहे."

फोंड्याचा_मास्तर

मग संपलंच. हातात बॅग नाही, तोंड गाडीकडे, आणि मागून बादली. याला वचपा म्हणतात. मला पोराबद्दल वाईट वाटतं, पण वाईट वाटणं हा बचाव नव्हे.

बार्देशची_वकील

संपलं नाही. बॅग खरोखर कुठे होती यापेक्षा त्या क्षणी त्याला प्रामाणिकपणे आणि रास्तपणे काय वाटलं हे बघतात. पट्टा तुटताना त्याने पाहिलंय, बॅग त्या माणसाच्या हातात जाताना पाहिलीय. सात सेकंदांत उलटं वाटावं असं काही घडलेलं त्याला दिसलं का, एवढाच मुद्दा. बचाव सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते, नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८. पण सरकार पक्षाला लागतो तसा संशयातीत पुरावा त्याला द्यावा लागत नाही, शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकवलं की पुरतं.

वॉर्डातली_सिस्टर

मला कलमं कळत नाहीत. एकच विचारते, पोराची तपासणी झाली का? गळ्यावर बोटांचे वळ उठले असतील, ते दोन-चार दिवसांत जातात. आमच्याकडे येतात ते दोन्ही बाजूंचे येतात, पण ज्याचं हाड मोडलंय तो आधी येतो आणि त्याचा कागद जाड होतो. ज्याला नुसते वळ आहेत तो घरी जाऊन हळद लावतो. पुढे कागदावर एकच माणूस जखमी दिसतो.

रातपाळीवाला

सिस्टर, अगदी हेच झालं. पोरगा पहाटे खोलीवर जाऊन झोपला. तिसऱ्या दिवशी मी ओढून सरकारी इस्पितळात नेला. डॉक्टरांनी मानेवर पिवळट खुणा आणि गिळताना दुखतं एवढं लिहिलंय. फोटो मात्र आहे, खोलीतल्या एकाने त्याच रात्री काढलेला. डाव्या बाजूला चार बोटं, उजव्या बाजूला अंगठा, मोजून घ्या.

बार्देशची_वकील

तो फोटो ज्या मोबाइलवर काढला तो मोबाइल फॉरमॅट करू नका, विकू नका. आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आजच्या आज वेगळं काढा. डीव्हीआरची, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राची, जागा भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. कॉपी देताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्यावर मालकाची किंवा यंत्रणा सांभाळणाऱ्याची सही, शिवाय तज्ज्ञाचीही. मालक टाळाटाळ करत असेल तर पोलिसांना लेखी द्या की रेकॉर्डिंग जप्त करा, आणि पोच घ्या. त्या रात्रीच्या हजेरीची नोंदही काढून ठेवा. कामावर असताना झालेली दुखापत आहे, भरपाईचा प्रश्न त्यातून वेगळा उभा राहतो.

किनाऱ्यावरचा

मी वर "पोराचं चुकलं" म्हणालो ते अजून म्हणतो, नऊ हजारांसाठी चौघांच्या गाडीकडे धावणं हा मूर्खपणाच. त्यातल्या एकाकडे सुरा असता तर आज आपण इथे वेगळंच लिहीत असतो. पण रातपाळीला एकटा ठेवला कुणी? माझ्या शॅकवर बंद करायच्या वेळी तिघांशिवाय गल्ला मोजत नाही.

टॅक्सीस्टँड

त्यापेक्षा पेपर स्प्रे द्या सगळ्यांना.

दोडामार्ग_पलीकडे

त्यालाही मर्यादा आहेत. कर्नाटकात २०२४ मध्ये एका भांडणात पेपर स्प्रे मारणाऱ्यांनी स्वसंरक्षण म्हणून खटला रद्द करायला मागितला, उच्च न्यायालयाने नकार दिला. जिवाला धोका नव्हता, म्हणाले. म्हणजे पुन्हा तेच, हातात काय होतं याच्याआधी समोर काय होतं ते बघणार.

रातपाळीवाला

काल रात्री परत बसलो. हवेच्या मशीनवर एक जुना कॅमेरा आहे, चित्र धुरकट येतं म्हणून कुणी बघतच नाही. त्यात मशीनचा पाय आणि जमिनीचा एवढासा तुकडा दिसतो. बॅग सरकत येऊन पडते ती दिसते. वेळ जुळवली. फटका बसल्यावर एका सेकंदाच्या आत. म्हणजे बादली लागली म्हणून हातातून सुटली असावी. किंवा दार उघडताना त्यानेच टाकली असावी, फटका त्याच क्षणी बसला. मास्तर दुसरं म्हणतील, मी पहिलं म्हणतो. रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेतलंय, सोमवारी वकिलांकडे जातोय.

मालकाने पोराला अजून परत घेतलेलं नाही. बादल्यांना मात्र साखळ्या लावल्यात, कुलपासकट, चावी ऑफिसात. परवा तपासणीला एक साहेब आले होते, त्यांनी साखळी ओढून बघितली आणि विचारलं, आग लागली तर ही सोडवणार कोण? रातपाळीला चावी कुणाकडे असते हे मलाही सांगता आलं नाही.