मदत हवी आहे: 'ते म्हणाले की मी बघतो' हे इंग्रजी अहवालात कसं लिहायचं?

मंडळी, इनडायरेक्ट स्पीचमध्ये अडकलोय. नेटवर शोधलं तर सगळीकडे तेच शाळेतले तक्ते मिळतात, म्हणून इथे विचारतो.

चाकणकडच्या एका कारखान्यात पर्सोनेलला आहे. खातेनिहाय चौकशीत साक्षीदार मराठीत बोलतात, जबाब मराठीतच उतरवून त्यावर सही घेतली जाते. अहवाल मात्र इंग्रजीत जातो, कारण तो वाचणारे साहेब चेन्नईला बसतात. मसुदा माझ्याकडे. 'नाऊ'चं 'देन', 'विल'चं 'वुड' वगैरे दहावीत तोंडपाठ होतं, पण तिथे अवतरणचिन्हं आयती छापलेली असायची. इथे कामगार एका दमात तिघांचं बोलणं सांगतो. सध्याच्या प्रकरणातली ही तीन वाक्यं (तपशील बदललेत):

१. "सुपरवायझर म्हणाले की मी बघतो, तू जा." 'द सुपरवायझर सेड दॅट आय वुड सी' असं लिहिलं तर चेन्नईला वाटणार, साक्षीदारच बघणार होता. 'ही वुड लुक इंटू इट अँड ही शुड गो' लिहिलं तर बघणार कोण आणि जाणार कोण?

२. "त्याने सांगितलं की प्रेसचा गार्ड काढलेला आहे." (गार्ड म्हणजे मशीनवरचं संरक्षक आवरण.) 'हॅज बीन रिमूव्ड'चं 'हॅड बीन रिमूव्ड' होतं हे माहीत आहे. पण गार्ड आजही काढलेलाच आहे! मग काळ मागे न्यायचा का?

३. "साहेब म्हणाले, जरा चार नंबरला जातोस का?" हा प्रश्न, विनंती की हुकूम? माझ्या आधीच्या माणसाने सरसकट 'ऑर्डर्ड' ठोकून दिलंय. आणि आरोप नेमका हुकूम मोडल्याचाच आहे.

जाणकारांनी मदत करावी. अहवाल सोमवारी जायचाय.

खडूडस्टर:
पहिलं सोपं आहे. मराठीत 'की' लावलं तरी आतला 'मी' मूळ बोलणाऱ्याचाच राहतो. इंग्रजीत 'दॅट' आलं की सर्वनामं सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजायची. पण दोन पुरुष आमनेसामने असतील तर 'ही'च्या नादी लागूच नका. 'द सुपरवायझर टोल्ड द विटनेस टु गो, अँड सेड दॅट ही हिमसेल्फ वुड अटेंड टु द मॅटर.' गरज पडली तर 'द विटनेस' दहा वेळा लिहा. ललित लेख नाहीये.

दुसऱ्याबद्दल: काळ मागे नेणं परीक्षेत सक्तीचं, एरवी नाही. सांगितलेली गोष्ट अजून तशीच असेल तर 'हॅज बीन रिमूव्ड' शुद्ध इंग्रजी आहे. फक्त त्यातून लिहिणाराही त्या गोष्टीला दुजोरा देतोय असं ध्वनित होतं, आणि चौकशीच्या कागदावर ते नको. म्हणून 'हॅड बीन'च ठेवा. गार्ड आजही नाही हे सांगायचं असेल तर स्वतंत्र वाक्य करा आणि तो कोणी, कोणत्या तारखेला पाहिला ते लिहा.

आणि दिसेल त्या क्रियापदाला 'हॅड' चिकटवायची खोड टाळा. 'व्हेन आय केम, द प्रेस वॉज रनिंग' याचं 'ही सेड दॅट व्हेन ही केम, द प्रेस वॉज रनिंग' एवढंच होतं. 'हॅड कम', 'हॅड बीन रनिंग' असं केलं की वाचणाऱ्याचा श्वास कोंडतो.

तिसरी पाळी:
तीन नंबरचा प्रश्न व्याकरणाचा नाहीच. १९४६ च्या नमुना स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांत, गैरवर्तनाची जी यादी होती, तिची सुरुवातच वरिष्ठाच्या कायदेशीर आणि वाजवी आदेशाची जाणूनबुजून अवज्ञा करण्यापासून व्हायची. म्हणजे आदेश होता का, यावरच सगळं अडलंय. तुम्ही 'ऑर्डर्ड' लिहिलंत तर निम्मा निकाल मसुद्यातच लागला. 'रिक्वेस्टेड' लिहिलंत तर उलट्या बाजूने लागला.

शॉपवर कोणीही 'मी तुला आदेश देतो' असं म्हणत नाही. 'जरा जातोस का' म्हणजे बऱ्याचदा 'जा'च असतं, आणि कधीकधी खरंच विचारणाही असते. ते चौकशी अधिकाऱ्याला ठरवू दे. तुम्ही मराठी वाक्य अवतरणात जसंच्या तसं द्या, पुढे त्याचा सरळ अर्थ द्या आणि क्रियापद 'सेड' ठेवा. 'सेड' कोणाची बाजू घेत नाही. तुमच्या आधीच्या माणसाने बहुतेक कोणाची तरी घेतली होती.

खडूडस्टर:
सहमत. 'आस्क्ड हिम टु गो' हेही त्यातल्या त्यात मवाळ आहे, पण 'सेड' आणि मूळ वाक्य हे उत्तम.

फायलीतला उंदीर:
एक भर घालतो. 'हेल्पर म्हणाला की सुपरवायझर म्हणाले की' अशी साखळी आली की लोक मधली कडी गाळतात. गाळू नका. खातेनिहाय चौकशीला पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हरियाणा सरकार विरुद्ध रतनसिंग या बस कंडक्टरच्या प्रकरणात तेच म्हटलं, ऐकीव माहितीही विश्वासार्ह असेल तर चालते. पण ती ऐकीव आहे हे कागदावर दिसलं तरच तिचा विश्वास जोखता येईल ना? प्रत्येक कडीला स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं 'सेड' द्या.

आणि तक्त्यातलं 'द प्रीव्हियस डे' विसरा. 'काल', 'परवा' आलं की साक्षीदाराला तिथल्या तिथे तारीख आणि पाळी विचारून घ्या. रात्रपाळीत बारा वाजता तारीख बदलते, त्यावरून चांगले वकील तासभर खेळतात.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. 'ऑर्डर्ड' सगळीकडून काढलं, मूळ वाक्यं घातली. आता एकच उरलंय. साक्षीदाराने शिवी सांगितली आहे, तीही चांगली लांबलचक. जुन्या फायलींत सगळीकडे 'अब्यूज्ड हिम इन फिल्दी लँग्वेज' आहे. तसंच चालवू?

तिसरी पाळी:
नाही. कोणाला काय फिल्दी वाटेल याचा नेम नाही, आमच्या खात्यात निम्म्या शिव्या प्रेमाने दिल्या जातात. जशीच्या तशी, देवनागरीत, अवतरणात. टायपिस्टला आधी कल्पना देऊन ठेवा.