ओआहूतलं अंगण: कोणती झाडं काढू?

प्रश्न: आम्ही नुकतेच हवाईच्या ओआहू बेटावर राहायला आलोय. कुंपणाला गुलाबी कण्हेर, कोपऱ्यात एरंड. लेक दोन वर्षांची, दिसेल ते तोंडात घालते. काय काय काढू?

उत्तर: दोन्ही काढा, आधी एरंड. त्या चट्टेरी बियांत रायसिन नावाचं जहाल विष असतं, बी चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. कण्हेरीचं पान न् पान विषारी. फांद्या जाळू मात्र नका, धूरही बाधतो.

दुसरं उत्तर: ताई, मिकोनियाही बघा. मोठं थोरलं पान, खालून गर्द जांभळं. याची भीती विषाची नाही, ते रानच गिळतं! ताहितीत १९३७ मध्ये शोभेसाठी आणलं, पक्ष्यांनी बी पसरवलं, आणि जवळपास दोन-तृतीयांश बेट त्याने व्यापलं. दिसलं तर ओआहू इन्व्हेसिव्ह स्पीशीज कमिटीला (बाहेरून येऊन फोफावणाऱ्या प्रजाती आवरणारी तिथली संस्था) लगेच कळवा.

प्रश्नकर्ती: ओढ्याकडेला तसलंच एक रोप आहे. उद्या पान उलटून फोटो टाकते. एरंड आजच काढतेय.