मंडळीच्या बैठका कमी केल्या तर घरातला विश्वास वाढेल की आटेल?

उंबरठा
ख्रिस्ती घरातली धावपळ कमी करायचा विषय निघाला की आपण लगेच शिकवण्या, मोबाईल आणि नोकरीवर येतो. मला मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, वेळापत्रकाबद्दल बोलायचं आहे. रविवारी संडे स्कूल आणि उपासना, मंगळवारी महिला मंडळ, बुधवारी बायबल अभ्यास, शुक्रवारी उपवास-प्रार्थना, शनिवारी गायनाचा सराव आणि तरुण संघ. घरातलं प्रत्येक माणूस प्रभूच्याच कामाला जातं, पण वेगवेगळ्या दिवशी. सगळे मिळून गुडघे टेकतील अशी संध्याकाळ काही उरत नाही.

माझा प्रस्ताव असा: रविवारची उपासना आणि रोज दहा मिनिटांची कौटुंबिक प्रार्थना पक्की. त्यापलीकडे मंडळीत माणशी एकच जबाबदारी घ्यायची, बाकीच्यांना नम्रपणे नाही म्हणायचं.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांच्या मनावर वचन बिंबवायला सांगितलं आहे ते घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. ते काम आईबापांना दिलेलं आहे. धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२९ मध्ये ख्रिस्ती शिकवणीची लहान प्रश्नोत्तरी लिहिली तीसुद्धा कुटुंबप्रमुखाने घरच्यांना शिकवावी म्हणून. तिच्यात सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना आहेत, आणि त्या किती छोट्या आहेत! सकाळची संपली की आनंदाने कामाला लागा, रात्रीची संपली की निश्चिंत झोपा, असं तो सांगतो. आपण मात्र मुलांचा विश्वास पूर्णपणे रविवारच्या शिक्षिकेवर सोपवून मोकळे झालो आहोत.

गायनमंडळ
मला हे अजिबात पटत नाही. कात्री आधी मंडळीवरच का चालते? कारण मंडळी फी घेत नाही आणि गैरहजेरी लावत नाही. क्लासचे पैसे भरलेले असतात म्हणून मूल तापातही तिकडे जातं. परीक्षा जवळ आली की पहिला बंद होतो तो बायबल अभ्यास.

इब्री १०:२५ स्पष्ट आहे: आपण आपले एकत्र मिळणे सोडू नये. आणि हे एकत्र मिळणं फक्त आपल्या फायद्यासाठी नसतं. आमच्या बुधवारच्या बैठकीला एकट्या राहणाऱ्या वृद्ध बहिणी येतात. आठवडाभरात त्यांना नावाने हाक मारून कुणी विचारपूस करत असेल, तर ती तिथेच. तरुण कुटुंबं ‘साधं जगण्यासाठी’ घरी थांबली तर त्यांनी कुणाकडे पाहायचं? चार भिंतींतली शांती एवढंच ध्येय असेल, तर त्यात ख्रिस्ती काय राहिलं?

उंबरठा
एकट्या बहिणींचा मुद्दा मनाला लागला, त्यावर खाली येतोच. पण घरातली प्रार्थना म्हणजे दार लावून घेणं, हे मी मानत नाही. अठराव्या शतकातले इंग्लंडचे धर्मोपदेशक जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची आई सुझाना हिने १९ मुलांना जन्म दिला, त्यातली निम्मी लहानपणीच गेली. उरलेल्यांसाठी तिने आठवड्याच्या रात्री वाटून दिल्या होत्या. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. त्या वेळात ती फक्त त्या मुलाशी त्याच्या आत्म्याविषयी बोलायची. जॉनने मोठेपणीही आईकडे त्या गुरुवारची आठवण काढली. आपल्याकडे किती मुलांना असा एक वार मिळतो?

गायनमंडळ
सुझानाची गोष्ट पुरती सांगा ना! १७१२ च्या सुमाराला नवरा लंडनला असताना ती रविवारी संध्याकाळी घरच्यांसाठी प्रवचन वाचायची. शेजारी येऊन बसू लागले, आणि गर्दी दोनशेच्या वर गेली. थांबव, असं नवऱ्याने कळवलं, तेव्हा तिने ठाम उत्तर दिलं की बंद करायचं असेल तर स्पष्ट हुकूम द्या आणि देवापुढे जबाबदारी तुम्ही घ्या. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने बोलतं.

मार्थेची_बहीण
दादांनो, तुमचं चालू द्या, पण या घरात काम कोण करतं ते कुणीच म्हणालं नाही. प्रस्तावातली दहा मिनिटं बसवायची म्हणजे त्याआधी जेवण, भांडी, गृहपाठ आटोपलेला हवा. तो कोण आटोपणार?

लूक १० मध्ये मार्था येशूच्या पाहुणचारात राबते आणि तिची बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते. ते वाचून आम्हाला नेहमी मार्था होऊ नका असं सांगतात. येशूने तिचं काम वाईट ठरवलं नाही. तिची काळजी आणि दगदग त्याने बोलून दाखवली. योहान ११ मध्ये हीच मार्था ‘तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस’ असं कबूल करते, आणि त्यानंतरच्या अध्यायात ती पुन्हा जेवण वाढत असते, कुणीही तिला त्या कामावरून उठवत नाही.

निर्गम २० मधली आठवड्यातून एक दिवस विसावा घ्यायची आज्ञा पाहा. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, परका या सगळ्यांची नावं आहेत, पण बायको वेगळी सांगितलेली नाही. काही घरांत ती अजूनही त्या यादीत यायची आहे. रविवारी उपासनेहून आल्यावर सगळे आडवे होतात आणि ती पाहुण्यांचं बघते. माझ्या मते साधेपणाची सुरुवात तिथून व्हावी: रविवारचं काम शनिवारी सगळ्यांनी मिळून उरकायचं, आणि उरलं तर घरातल्या पुरुषांनी करायचं. बैठका किती ठेवायच्या ते नंतर ठरवू.

रात्रपाळी
ताईंशी सहमत. आणखी एक. माझी पत्नी परिचारिका आहे, तिच्या पाळ्या बदलत असतात. ‘रोज संध्याकाळी सगळे’ हा नियम आमच्या घरात फक्त अपराधीपणा आणेल. आम्ही जो जेव्हा घरातून निघतो तेव्हा दारातच एक स्तोत्र वाचतो. घरात जितके असतील तितके. तेवढंच टिकलं आहे.

पाळकाच्या_खुर्चीतून
सेवक म्हणून सांगतो, बैठका वाढण्याला आम्हीही जबाबदार असतो. नवी गरज दिसली की नवा कार्यक्रम सुरू होतो, जुना मात्र बंद होत नाही. निर्गम १८ मध्ये इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्याय करत बसतो, आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला सरळ म्हणतो की हे ठीक नाही, तूही झिजशील आणि लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमली गेली. आमच्याकडे उलट होतं. तीच सहा कुटुंबं सगळ्या समित्यांवर, आणि बाकीच्यांना कुणी विचारतच नाही.

म्हणून माणशी एकच जबाबदारी हा नियम मला आवडतो. पण तो घराघराने एकेकट्याने लावला तर उरलेल्यांवर भार पडेल. तो मंडळीने एकत्र ठरवला पाहिजे.

उंबरठा
मंडळीने ठरवावं हे मान्य. गायनमंडळ, तुमच्या बहिणींसाठी असं करू या का: महिन्यातला एक बुधवार मंडळीत बैठकच ठेवायची नाही, आणि त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने एका एकट्या माणसाला आपल्या घरच्या प्रार्थनेला बोलवायचं?

गायनमंडळ
बोलवायला माझी ना नाही. पण बुधवार बंद करायला आहे. आधी सहा महिने बोलवून दाखवा, बुधवार चालू ठेवून. लोक खरंच आले आणि घरं खरंच उघडली, तर बैठक रद्द करण्याची सूचना मी स्वतः मांडेन.