मदत हवी आहे: घरचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ आणि आईचे तेलुगू सिनेमे, सगळ्याला एकच नॅस पुरेल का?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आमची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क टक-टक करायला लागली आणि तिसऱ्या दिवशी कायमची गप्प झाली. तिच्यात चार वर्षांचे फोटो होते. अर्धे माझ्या जुन्या लॅपटॉपवर सापडले, थोडे नातेवाइकांनी व्हॉट्सॅपवरून परत पाठवले (ते कसे दिसतात हे सांगायला नको). डेटा काढून देणाऱ्याने सांगितलेला आकडा डिस्कच्या किमतीच्या पाचपट होता आणि वर "हमी नाही हां". तेव्हापासून घरात नॅस (सगळ्यांना घरच्या नेटवर्कवरून वापरता येणारं डिस्कांचं खोकं) घ्यायचं चाललंय.

आमचं घर जुळे सोलापुरात, दोन मजली. खाली आई-बाबा, वर आम्ही. धाकटा भाऊ लग्नांचं आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेचं शूटिंग करतो. सगळ्यात जास्त जागा त्याचीच. त्याचा कॅमेरा १०० मेगाबिटने रेकॉर्ड करतो, म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, एक लग्न, आणि डिस्क हाय खाते. बाबा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायचे. त्यांनी मंडळाच्या भजनांच्या कॅसेट वीस वर्षं जपल्या, त्या मी एकेक करून संगणकावर उतरवल्यात. मूळ कॅसेटची फीत आता चिकटते, म्हणजे त्या फायली गेल्या तर विषय संपला.

एकूण हिशेब असा: फोटो ९०० जीबी, भावाचं २.८ टीबी, कॅसेटचे ६० जीबी, आणि माझ्याकडच्या डीव्हीडी-ब्लू-रेवरून उतरवलेले सिनेमे १ टीबीच्या आसपास.

दोन टीव्ही आहेत. खालचा सॅमसंगचा, २०१९ चा. आई सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत वाढलेली, तिला तेलुगू सिनेमे लागतात आणि सबटायटल लागत नाहीत. बायकोला त्याच सिनेमांना सबटायटल लागतात. हा बारीक तपशील का देतोय ते पुढे कळेल, कारण आमची सगळी अडचण तिथंच आहे असं मला वाटतंय.

राउटरच्या यूएसबीला डिस्क लावून पाहिली. सिनेमा चालतो, पण फाइल टाकायला घेतली की राउटरच धापा टाकतो. भावाने सिनॉलॉजी कंपनीचा डीएस २२३जे हा तयार नॅस शोधून ठेवलाय, "दोन डिस्क बसतात, एक गेली तर दुसरी आहे, झालं बॅकअप." माझं मन इंटेल एन१०० चिपचा छोटा पीसी घेऊन त्यावर जेलीफिन (साठवलेले सिनेमे टीव्हीवर पाठवणारं सॉफ्टवेअर) टाकावं असं म्हणतंय. शिवाय माळ्यावर २०१४ चा डेस्कटॉप पडून आहे, तो फुकटच आहे.

तर सांगा:

भाऊ म्हणतो तसं दोन डिस्क म्हणजे बॅकअप होतं का? खालच्या टीव्हीवर काही सिनेमे चित्र दाखवतात पण आवाज देत नाहीत, ते नॅस घेतल्यावर सुटेल का? आणि खास आपल्याकडचा प्रश्न: एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर, लाईट कधीही जाते. हे खोकं चोवीस तास चालू ठेवायचं तरी कुठं?

बजेट डिस्क धरून ४५ हजार, ओढून ताणून ५०.

प्रतिसाद १

भावाला सांगा, आरशात दोन माणसं दिसतात म्हणून घरात दोन माणसं नसतात. दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिणं म्हणजे रेड १. एक डिस्क मेली तर काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी उडतो. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. क्यूनॅप कंपनीचे नॅस वापरणाऱ्यांना जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसचा फटका बसला तेव्हा इंटरनेटला थेट उघडे ठेवलेले नॅस त्यात सापडले, रेड असून नसून सारखंच. त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडायच्या भानगडीत पडू नका. बाहेरून बघायचं असेल तर टेलस्केल (घराशी खाजगी जोडणी करून देणारं सॉफ्टवेअर) टाका, आपल्याकडच्या बऱ्याच फायबरवाल्यांनी स्वतंत्र आयपी पत्ता दिलेला नसतो तिथंही ते चालतं.

मॉडेलबद्दल: शेवटी 'जे' असलेला घेऊ नका. त्यात फायली मांडायची फक्त ईएक्सटी४ ही पद्धत आहे. साध्या डीएस २२३ मध्ये बीटीआरएफएस मिळतं, म्हणजे स्नॅपशॉट (फोल्डरच्या त्या-त्या वेळच्या जपलेल्या स्थिती) मिळतात. परवा उडवलेला फोल्डर आज परत आणता येतो. घरातल्या चुका बहुतेक अशाच असतात, डिस्क मरण्याच्या नव्हे.

डिस्क घेताना बॉक्सवरचं नाव नीट वाचा. डब्ल्यूडी कंपनीच्या साध्या 'रेड' मालिकेत (हे नुसतं नाव, वरच्या रेड १ शी संबंध नाही) काही डिस्क एसएमआर म्हणजे लिहायला मंदावणाऱ्या पद्धतीच्या निघाल्या आणि २०२० मध्ये त्यावर बराच गदारोळ झाला. नॅसला 'रेड प्लस' किंवा सीगेटची 'आयर्नवुल्फ' घ्या. आणि ८ टीबीची डिस्क लावल्यावर संगणक ७.२७ दाखवेल, दुकानदाराशी भांडू नका. मोजायची पद्धत वेगळी आहे.

प्रतिसाद २

आवाजाचं कोडं मी सोडवतो. सॅमसंगने २०१८ पासून टीव्हीतून डीटीएस हा आवाजाचा प्रकार काढलंय. ब्लू-रेवरून उतरवलेल्या फायलींत आवाज बहुतेक डीटीएसच असतो, म्हणून चित्र दिसतं आणि माणसं मुकी. जेलीफिन फक्त आवाज बदलून देतं, चित्राला हात लावत नाही. हे काम इतकं हलकं आहे की साधी चिपही करते.

खरी गोम वहिनींच्या सबटायटलमध्ये आहे. ब्लू-रेची सबटायटल अक्षरं नसतात, चित्रं असतात. टीव्हीला ती समजली नाहीत तर सर्व्हरला ती सिनेमावर छापून अख्खा सिनेमा नव्याने बनवत पाठवावा लागतो. तिथं नॅसमधली कमी ताकदीची एआरएम चिप गुडघे टेकते. एन१०० मध्ये व्हिडिओ बदलायलाच बनवलेलं इंटेलचं क्विकसिंक आहे, ते हे हसत करतं. नाहीतर सोपा उपाय: मजकुराच्या एसआरटी फायली सिनेमाशेजारी ठेवा, मग छापायची वेळच येत नाही.

सिनॉलॉजीच्या स्वतःच्या व्हिडिओ स्टेशन या सिनेमे दाखवणाऱ्या ॲपवर विसंबू नका, २०२४ मध्ये डीएसएम ७.२.२ या नॅसच्या प्रणालीबरोबर त्यांनी ते काढूनच टाकलं. कंपनी तुमच्या खोक्यातला भाग नंतर काढून घेऊ शकते हे लक्षात ठेवूनच तयार नॅस घ्यावा. २०२५ च्या प्लस मॉडेलांत तर आमच्याच डिस्क लावा म्हणाले होते, ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागे हटले.

प्रतिसाद ३

नेटवर्कची वायर ओढून घ्या, बाकी सगळं नंतर. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबी धरा, तुमचा पावणेपाच टीबी माल बारा तासांत जाईल. राउटरचं पोर्ट १०० मेगाबिटचं असेल तर तेच काम पाच दिवस. आधी राउटर उलटा करून बघा.

माळ्यावरचा डेस्कटॉप फुकट नाही. रिकामा बसला तरी ५० वॅट खात असेल तर महिन्याला ३६ युनिट. छोटं खोकं १८ वॅटचं धरलं तर १३ युनिट. फरक तुम्हीच काढा, आपल्याकडं उन्हाळ्यात कूलर आधीच मीटर पळवतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. राउटर उलटा केला. पोर्ट १०० चेच निघाले, म्हणजे तोही बदलायचा.

भावाला आरशाचं उदाहरण ऐकवलं. तो आधी चिडला, मग त्याने स्वतःच विचारलं की मागच्या वर्षी गिऱ्हाइकाचा फोल्डर त्याच्या हातून उडाला होता, तो रेडने वाचला असता का. नसता. त्यानंतर वाद थांबला.

ठरलं ते असं. डीएस २२३ घेत नाही, एन१०० चा पीसी घेतो. आत एसएसडी, बाहेर वेगळा वीजपुरवठा असलेली एक ८ टीबीची डिस्क, वर जेलीफिन. आरसा नाही. वाचलेल्या पैशात दुसरी ८ टीबीची डिस्क, तिच्यावर दर रविवारी नक्कल, आणि महिन्यातून एकदा ती मामाकडे पंढरपूरला. मामा वारकरी माणूस, कपाटात तुळशीमाळेच्या डब्याशेजारी ठेवीन म्हणालाय. कॅसेटच्या ६० जीबीची आणखी एक प्रत क्लाउडवर, कारण तेवढं परवडतं आणि त्यांचं मूळ आता उरलेलं नाही. भावाचं कच्चं फुटेज गिऱ्हाइकाने अल्बम घेतल्यावर सहा महिन्यांनी पुसायचं. हे त्याच्याकडून वदवून घ्यायला दोन चहा लागले. सिनेमांची नक्कल ठेवणार नाही, मूळ डीव्हीडी-ब्लू-रे कपाटात आहेतच.

जागा: माळा बाद, वर पत्रा आहे. जिन्याखालची कोनाडी नक्की केली, भिंत जाड आहे आणि दुपारी तिथं आमचं मांजर झोपतं. मांजराला गारवा कुठं असतो ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. तरी मे महिन्यात डिस्कचं तापमान रोज बघणार, ५० च्या वर गेलं तर छोटा पंखा.

विजेचं मात्र अडलंय. घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण आहे, त्यावर ठेवलं की पीसी बंद पडत नाही हे तपासलं. पण बॅटरी संपत आली हे तो पीसीला सांगत नाही, सरळ जीव सोडतो. त्यामुळे यूएसबी पोर्ट असलेला, पीसीवरच्या उबुंटू प्रणालीला "आता बंद हो" म्हणणारा छोटा यूपीएस हवा. इथल्या दोन-तीन दुकानांत विचारलं, सगळे बिनपोर्टचाच पुढे करतात. सोलापुरात कुणी असा घेतला असेल तर मॉडेल आणि कुठल्या पेठेत मिळाला तेवढं लिहा.